उसनी शाबासकी

"नमस्कार. तुझं नाव काय?" मनूने विचारलं.

"दिशा!" कोपऱ्यातल्या खुर्चीवरून धोंडू मिस्त्रींनी उत्तर ठोकून दिलं.

सतरंजीवर बसलेल्या सात वर्षांच्या दिशाने उघडत आलेलं तोंड मिटलं आणि ती फ्रॉकच्या बटणाशी खेळायला लागली. तिच्यासमोरचा मनू, म्हणजे गुडघ्याएवढा पांढरा रोबो, गोल डोळे मिचकावत तसाच थांबून राहिला. त्याला नाव दिशाच्या तोंडून हवं होतं. आजोबांच्या तोंडचं त्याच्या हिशेबी धरलं जात नव्हतं.

"आजोबा, प्रश्न तुम्हाला नव्हता विचारला," सुमेधा मॅडम हसून म्हणाल्या. हसून म्हणाल्या तरी मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"सॉरी म्याडम. पण तो कधीचा गप उभा ना. मला वाटलं अटकला."

"अटकला नाही, वाट बघतोय. दिशाला शब्द सापडायला वेळ लागतो. आपण माणसं तेवढा धीर धरत नाही, म्हणून तर मनू आणलाय."

परळमधल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर हे केंद्र होतं. दिशासारखी स्वमग्न मुलं तिथे यायची. माणसाचा चेहरा घटकेत हसतो, घटकेत आक्रसतो, या मुलांना त्याचा अर्थ लागत नाही आणि भीती वाटते. मनूचा चेहरा एकच, आवाज एकच. तो चिडत नाही, घाई करत नाही. त्याच्याशी नमस्कार, नाव, आपली पाळी येईपर्यंत थांबणं हे जमलं, की मग तेच माणसांशी करून बघायचं, अशी रीत होती. मनूला चालवणारा टॅब सुमेधा मॅडमच्या हातात असायचा. मिस्त्री पडले यंत्रातले माणूस, त्यांनी कोणतं बटण कशाचं ते विचारून घेतलं होतं.

"हे हिरवं शाबासकीचं," मॅडमनी सांगितलं होतं. "ती बोलली तरच दाबायचं. मनू कधी खोटी शाबासकी देत नाही, हे दिशाला पक्कं कळलंय. तिचा त्याच्यावर विश्वास आहे तो त्यामुळेच."

मिस्त्रींनी मान डोलावली होती. मान डोलावण्यात ते हुशार होते.

काळाचौकीच्या अख्ख्या भागात धोंडू मिस्त्रींना ओळखत नाही असा माणूस विरळा. गणपतीतले हलते देखावे करावेत तर त्यांनीच. गाडीच्या वायपरची मोटर, सायकलची चेन आणि भंगारातली बेअरिंगं एवढ्यावर ते भीमाला गदा फिरवायला लावत आणि हनुमानाला द्रोणागिरी उचलायला. गिरणी बंद पडली तेव्हा या हातांनीच घर चालवलं. त्यांचा धंद्यातला नियम एकच होता, बघणाऱ्याला थांबलेलं चित्र दिसता कामा नये. एका वर्षी पहिल्याच संध्याकाळी भीमाचा हात अडकला, रांगेतली पोरं फिदीफिदी हसली, तेव्हा मिस्त्री स्टेजखाली शिरले आणि रांग संपेपर्यंत पडद्याआडून हाताने गदा फिरवत बसले. दुसऱ्या दिवशी खांदा वर होईना. पण चित्र थांबलं नाही, हे ते अजून सांगत.

घरीही त्यांचं तेच चाले. चाळीच्या गॅलरीत कोणी दिशाला विचारलं, "काय गं, शाळेत गेली होतीस?" की मिस्त्री आतून ओरडत, "गेली होती, गेली होती!" लग्नात कोणी नाव विचारलं, तर नाव सांगून वर "जरा लाजरी आहे हो" म्हणून तिला दुसऱ्या बाजूला वळवत. दिशा हात फडफडवायला लागली, की ते हळूच तिचे हात आपल्या हातात घेत. लोकांना वाटे, नातीवर काय जीव आहे म्हाताऱ्याचा! जीव होताच. पण खरं सांगायचं तर त्या हात धरण्यात जीव थोडा आणि लाज जास्त होती.

मुलगा वैभव कुवेतला. सून अक्षदा हॉस्पिटलात केसपेपरच्या खिडकीवर. त्यामुळे दिशाला केंद्रात नेणं-आणणं मिस्त्रींकडे आलं होतं. आणि खरोखरच, ते खुर्चीवर तोंड मिटून बसायला लागल्यापासून दिशा मनूशी बोलायला लागली होती. सावकाश, एकेक शब्द. मनू म्हणे, "शाब्बास दिशा! छान बोललीस," आणि ती स्वतःशीच हसे.

मग केंद्राने पालकांना बोलावलं. "कार्यक्रम नाही हं," मॅडमनी बजावलं, "घरातल्यांनी नुसतं येऊन बघायचं." मिस्त्रींच्या कानात 'बघायचं' तेवढं शिरलं. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षांना, शामरावांना, सांगून टाकलं, "आमची दिशा रोबोटशी गप्पा मारते. येऊन तर बघा."

शामराव आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. अक्षदाने अर्धी सुट्टी टाकली होती. तिने ठेवणीतली साडी नेसली होती. खोलीत दाटीवाटीने माणसं, त्यात एक लहान मूल रडायला लागलेलं. दिशाची पाळी आली. शामरावांनी मोबाइल वर धरला.

"नमस्कार दिशा. आज तुझ्याबरोबर कोण आलंय?" मनूने विचारलं.

दिशा मनूकडे बघत राहिली. रडणाऱ्या मुलाने आता जमिनीवर लोळण घेतली. त्याची आई रडकुंडीला आली, तशी सुमेधा मॅडम टॅब स्टुलावर ठेवून तिकडे धावल्या. स्टूल मिस्त्रींच्या गुडघ्याला लागून होतं.

दिशा गप्प. मनू गप्प. शामरावांनी मोबाइल या हातातून त्या हातात घेतला. मागे कोणीतरी कुजबुजलं, "नाय बोलत ती." अक्षदा साडीचा पदर बोटाला गुंडाळत होती. दिशाचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. मिस्त्रींच्या छातीत भीमाचा हात अडकला होता.

त्यांचं बोट हिरव्या बटणावर गेलं.

"शाब्बास दिशा! छान बोललीस," मनू म्हणाला.

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या गलक्यात पोरगी हळू आवाजात काहीतरी बोलली असणार, असं सगळ्यांनी धरून चाललं. शामराव ओरडले, "वा रे पठ्ठी!" अक्षदाने डोळ्यांना पदर लावला आणि शेजारणीला म्हणाली, "माझं नाव घेतलं तिने. आई म्हणाली ना? मी बघितले तिचे ओठ."

दिशा मात्र मनूकडे टक लावून बघत होती. मग ती मागे वळली. कधी कोणाच्या डोळ्यांत न बघणारी ती पोर आजोबांच्या डोळ्यांत बघत राहिली. मिस्त्रींनीच नजर खाली घातली. टॅब त्यांनी स्टुलावर जसाच्या तसा सरकवला आणि टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवत होते, न वाजवून सांगतात कोणाला!

संध्याकाळपर्यंत पेढे चाळभर फिरले. अक्षदाने कुवेतला फोन लावून वैभवला सांगितलं आणि बोलता बोलता दोनदा रडली. जो तो दारात येऊन म्हणे, "मिस्त्री, नशीब काढलंत." मिस्त्रींना पेढा गिळवेना. ते दाढ दुखते म्हणाले.

पुढच्या खेपेला केंद्रात गेल्यावर दिशाने चप्पल काढली, मनूजवळ गेली आणि त्याला दोन्ही हातांनी धरून भिंतीकडे तोंड करून उभं केलं. मॅडमनी त्याला सरळ केलं, तिने पुन्हा फिरवलं. "नमस्कार दिशा," मनू भिंतीला म्हणाला. दिशा कानांवर हात ठेवून कोपऱ्यात जाऊन बसली.

"असं कसं?" सुमेधा मॅडम बुचकळ्यात पडल्या. "त्या दिवशी एवढी बोलली. मशीनमध्ये काही बिघाड झालाय का, बघते."

बिघाड मशीनमध्ये असता, तर मिस्त्रींनी उभ्या उभ्या काढून दिला असता. गप्प बसलं असतं तरी चाललं असतं, कोणाला कळणार नव्हतं. पण कोपऱ्यात कान झाकून बसलेल्या नातीकडे बघून त्यांना गप्प बसवेना.

"म्याडम, ती बोललीच नव्हती. बटण मी दाबलं."

"कशासाठी?"

"लोक बघत होते."

मॅडमनी टॅब बाजूला ठेवला. मिस्त्रींना वाटलं, त्यांनी चार शब्द सुनवावेत, म्हणजे सुटेन. पण त्या दिशाकडे बघत होत्या.

"ती बोलणार होती आजोबा. ओठ हलतात, मग थोड्या वेळाने आवाज येतो तिचा. इथे बसून तुम्हीच बघितलंय." मग त्या म्हणाल्या, "आज राहू दे. घरी न्या तिला. मनूवर तिचा परत विश्वास बसेल की नाही, मला नाही सांगता येणार. आणि तिच्या आईला तुम्हीच सांगा."

"मी आता काय करू, म्याडम?"

"काही करू नका. तेच तर सांगतेय इतके दिवस."

अक्षदा कामावरून आली, हातपाय धुऊन चहा टाकायला लागली, तेव्हा मिस्त्रींनी तिला सांगितलं. ओट्याशी उभं राहून, मान खाली घालून, शाळेतल्या पोरासारखं. सुनेसमोर अशी मान घालायची वेळ त्यांच्यावर उभ्या जन्मात आली नव्हती.

चहा उतू गेला. अक्षदाने गॅस बंद केला, फडक्याने ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"म्हणजे ती आई म्हणाली नव्हती," ती म्हणाली.

"नाय."

"बाबा, एक विचारू? तुम्हाला तिची लाज वाटते का?"

'नाही' हा शब्द मिस्त्रींच्या जिभेवर तयार होता. इतकी वर्षं लोकांना तयार उत्तरं देऊन जीभ सरावली होती. पण दिशा पलीकडे खिडकीच्या गजांवरून बोट फिरवत उभी होती, आणि तिच्या पाठीसमोर त्यांना खोटं बोलवेना.

"वाटायची," ते म्हणाले. "आता माझी वाटते."

अक्षदाने त्यांना चहा दिला. स्वतः मात्र घेतला नाही. वैभवला तिने काय सांगितलं, ते मिस्त्रींनी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शामराव भेटले तेव्हा मिस्त्रींनी त्यांनाही खरं सांगितलं. "जाऊ दे हो मिस्त्री, पोरीचं कौतुकच झालं ना," शामराव म्हणाले, आणि मोबाइलमधलं ते टाळ्यांचं चित्रण पुसायला तयार होईनात. मिस्त्री हात जोडून उभे राहिले, तेव्हा कुठे त्यांनी पुसलं.

मनू अजून भिंतीकडेच तोंड करून होता. दिशा केंद्रात जायची, एकटीच ठोकळे रचायची, परत यायची.

अशाच एका दुपारी मिस्त्री तिला घेऊन जिना चढून वर आले. गॅलरीत शेजारच्या आनंदीबाई दारात उभ्या होत्या. हात पिठाचे, तांदळाच्या भाकऱ्या चालू होत्या.

"काय गो चेडवा, जेवलंस?" त्यांनी पोरीला मालवणीत विचारलं.

'जेवली, जेवली' मिस्त्रींच्या ओठांपर्यंत आलं. त्यांनी दात दाबून धरले. दिशा कठड्याकडे बघत होती. तिचे हात फडफडायला लागले. मिस्त्रींनी आपले हात पाठीमागे बांधून घेतले. समोरच्या खोलीतली दोन माणसं डोकावून बघत होती. बघू देत.

आनंदीबाई थोड्या थांबल्या. मग "नाय बोलूचा वाटता आज. तवो तापलो माझो," म्हणून आत गेल्या. दार लोटलं गेलं.

मिस्त्री हलले नाहीत. आत भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला, समोरची माणसं कंटाळून आत गेली.

"जेवले," दिशा म्हणाली. "भेंडी होती."

गॅलरीत कोणी नव्हतं. धोंडू मिस्त्रींना एकदम रडू आलं. आजवर ही अशी किती उत्तरं लोक गेल्यावर यायची होती, आणि आपण त्यांच्या आधीच तोंड घालून किती मारली, याचा त्यांना अंदाजच करवेना. त्यांनी बाहीने तोंड पुसलं आणि आनंदीबाईंच्या दारावर थाप मारली.

"काय झाला धोंडूभाव?" आनंदीबाई पिठाचे हात तसेच वर धरून बाहेर आल्या.

"वयनी, तुमी मगाशी काय इचारलास, तेचा उत्तर इला."

"इला? काय म्हणाला चेडू?"

मिस्त्रींनी नातीकडे बघितलं. सांगणं किती सोपं होतं. तीन शब्द. ते काही बोलले नाहीत, नुसते तिच्या शेजारी उभे राहिले. आनंदीबाईंनी एकदा त्यांच्याकडे, एकदा पोरीकडे बघितलं आणि आत हाक मारून तव्याखालचा गॅस बंद करायला सांगितला. मग त्याही चौकटीला टेकल्या. त्यांच्या बोटांवरचं पीठ वाळायला लागलं.