खुशीचा केसपेपर

"सिस्टर, चुकून झालं असं लिहा नं," देवराव हळूच म्हणाले. हिंगण्याच्या कंपनीचा गणवेश अजून अंगावर होता. फोन येताच ते पाळी सोडून तसेच धावत आले होते. आत पलंगावर त्यांची सोळा वर्षांची मुलगी खुशी डोळे मिटून पडली होती. जिवावरचा धोका टळला होता.

जया मेश्राम अठरा वर्षं या वॉर्डात नर्स होती. ही विनंती तिला नवी नव्हती. पोलीस येतील, नातेवाइकांत कळेल, उद्या पोरीचं लग्न कसं जमेल, असं म्हणत घरचे हात जोडत. डॉक्टर नर्सकडे पाहत आणि केसपेपरवर आत्महत्येच्या प्रयत्नाऐवजी 'चुकून' उमटे. सगळ्यांनाच ती माणुसकी वाटे. जयालाही वाटायची.

मागच्या वर्षी कन्हानच्या मोनालीसाठी तिनेच डॉक्टरांना 'चुकून' लिहायची गळ घातली होती. 'चुकून' लिहिलेल्या पेशंटला मानसोपचार विभागात कोण पाठवणार? मोनाली दोन दिवसांत हसत घरी गेली. एकविसाव्या दिवशी तिला परत आणलं, तेव्हा वॉर्डापर्यंत न्यायची गरज उरली नव्हती. जयाला कोणी बोल लावला नाही. कागद स्वच्छ होता.

या वेळी तिने देवरावांना बाकावर बसवलं. पोलीस विचारपूस करतील, पण पोरीला शिक्षा होणार नाही, हे समजावलं. महिनाभरात काही वेगळं वाटलं होतं का, असंही विचारलं. क्लासच्या परीक्षेत मार्क कमी पडल्यापासून ती गप्प होती, ते म्हणाले. मग त्यांना आठवलं.

"आठ दिवसांआधी आपली सायकल, कंपास, नवा ड्रेस, सारं मिनलले देऊन टाकलं तिनं. लहान बहीण आहे नं. मी तिच्या मायले म्हणलं, पोरगी शहानी झाली वं."

ती निरवानिरव होती, हे त्यांना आता उमगलं.

जया पलंगाकडे निघाली, तसे ते मागून पुटपुटले, "तिले तसलं काही विचारू नका, पुन्हा डोक्यात येईल."

"विचारल्यानं येत नाही, भाऊ," जया म्हणाली आणि खुशीजवळ वाकली. "खुशी, तुले मरायचं होतं काय वं?"

खुशीने डोळे उघडले.

"हो. आताही वाटून राहिलं."

एवढं विचारायला अर्धं मिनिट लागलं होतं. मोनालीसाठी ते अर्धं मिनिट जयाने काढलं नव्हतं.

तिने खुशीचं उत्तर केसपेपरवर जसंच्या तसं लिहिलं, शिकाऊ डॉक्टर उन्मेषकडून मानसोपचार विभागासाठी चिठ्ठी घेतली आणि पोरीला क्षणभरही एकटं सोडायचं नाही, असं देवरावांना बजावलं.

"मी काय बोलू तिच्याशी?" त्यांनी विचारलं.

"काही नका बोलू. जवळ बसा."

ते पलंगाच्या कडेला टेकले, आपलं वजन पोरीला जाणवू नये इतके अलगद. खुशीने त्यांच्यासाठी पाय थोडे बाजूला घेतले.