चवीपुरतं

विमा कंपनीच्या कॅन्टीनमध्ये सव्वीस वर्षं मुख्य आचारी असलेल्या माणसाला सगळं ऑफिस मामा म्हणायचं. मामांचं वय एकावन्न, वजन चौऱ्याण्णव. वजनाबद्दल त्यांची स्वतःची काही तक्रार नव्हती. तक्रार गुडघ्यांची होती. डॉक्टरांनी आधी गुडघे पाहिले, मग सबंध मामांकडे पाहिलं आणि म्हणाले, "आठ किलो उतरवा. आणि खाल्लेलं लिहून ठेवा, अगदी सगळं. या वयात अंदाजपंचे काही उतरत नाही."

मामांना लिहायचा कंटाळा. पण बायको नर्स होती; घरीदारी सगळे तिला सिस्टरच म्हणत. तिची बावीस वर्षं पेशंटच्या पोटात किती गेलं आणि बाहेर किती आलं हे तक्त्यावर मांडण्यात गेली होती. तिनं त्याच संध्याकाळी वॉर्डात असतो तसा तक्ता आखून फ्रिजवर चिकटवला आणि ओट्यावर छोटा वजनकाटा आणून ठेवला.

"बाहेर किती येतं तेही लिहायचं का?" मामांनी विचारलं.

"आधी आत जातं ते तरी खरं लिहा," ती म्हणाली.

मामांनी खरं लिहिलं. उकडलेलं अंडं बावन्न ग्रॅम. टोस्ट दोन, लोणी चार ग्रॅम. भात शंभर ग्रॅम; एकशे सात भरला तेव्हा त्यांनी सात ग्रॅम शितं चमच्यानं परत पातेल्यात टाकली. दुपारचं जेवण ते कॅन्टीनमध्ये काट्यावर मोजून घेत आणि आकडा लिहून आणत. रोजची बेरीज चौदाशे उष्मांकांच्या वर जात नव्हती. एवढ्यावर शाळकरी मूल भोकाड पसरेल, असं खुद्द सिस्टर म्हणाली.

महिन्यानं मामा वजनाला उभे राहिले. चौऱ्याण्णव किलो चारशे ग्रॅम.

सिस्टरनं वजनकाट्याची बॅटरी बदलली. तरीही तेच. मग तिनं दार लावून घेतलं आणि इतर बायका ज्या आवाजात वेगळंच काही विचारतात त्या आवाजात विचारलं, "अहो, खरं सांगा. बाहेर कुठे खाता?"

"तुझ्या गळ्याशपथ, कुठेही नाही."

"माझा गळा मध्ये आणू नका. आमच्या वॉर्डात मधुमेहाचे पेशंट उशीखाली केक ठेवून आईची शपथ घेतात."

दोन दिवस अबोला झाला. तिसऱ्या दिवशी तिनं रजा टाकली आणि सकाळी आठला मामांच्या मागोमाग कॅन्टीनमध्ये येऊन भटारखान्यात स्टूल टाकून बसली. मांडीवर कोरा तक्ता. मामांना राग आला, पण दोनशे माणसांचा स्वयंपाक खोळंबलेला होता. ते कामाला लागले.

सूप उकळलं, मामांनी चमचाभर घेतलं. मीठ टाकलं, पुन्हा चमचाभर. मिरपूड टाकली, पुन्हा. रश्शाला आंबटपणा कमी वाटला म्हणून एकदा, जास्त झाला का म्हणून एकदा, आणि आता बरोबर झालाय म्हणून समाधानानं एकदा. भात शिजला का बघायला चार शितं पुरतात. मामा मूठभर बघत. केकच्या कडा वाकड्या भाजल्या होत्या, त्या कापून सरळ केल्या. कापलेल्या कडा कुठे गेल्या ते मामांना सांगता आलं नसतं, सिस्टरला आलं असतं.

दुपारी एकला तिनं बेरीज केली. "त्रेसष्ट चमचे. तुमचा चमचा वीस मिलीचा. सव्वा लिटर झालं. एवढं सलाईनसुद्धा आम्ही एका सकाळी देत नाही. वर केक. सगळे मिळून पंधराशे उष्मांक, आणि तुम्ही अजून जेवायचे आहात."

"अगं, ते काय खाणं आहे? ते काम आहे!"

"पोटाला कोण सांगणार?"

मामा दुखावले. सव्वीस वर्षांच्या नोकरीला तिनं खादाडपणा ठरवलं होतं. पण माणूस सरळ होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चव घ्यायची आणि थुंकायची असं ठरवलं. सिस्टरनं त्यासाठी स्टीलचा वाकडा ट्रे दिला, ऑपरेशननंतर पेशंटच्या हनुवटीखाली धरतात तसा. साडेअकराला हेडक्लार्क आज काय आहे हे हुंगायला खिडकीशी आले. त्यांनी मामांना रस्सा तोंडात घेताना पाहिलं, डोळे मिटताना पाहिलं आणि ट्रेमध्ये थुंकताना पाहिलं.

बारापर्यंत बातमी तिन्ही मजल्यांवर पोचली. मामांना स्वतःच्या हातचं गिळवत नाही. त्या दिवशी दोनशेपैकी एकशे ऐंशी ताटं तशीच राहिली.

मग मामांनी चव घेणंच सोडलं. मंगळवारी रश्शात दोनदा मीठ पडलं, बुधवारी एकदाही नाही. गुरुवारी कस्टर्ड खारट झालं. दावे विभागातल्या एका बाईंना वाटलं, हा काही परदेशी प्रकार असेल. त्यांनी कौतुकानं दोन वाट्या खाल्ल्या.

कंपनी विम्याची. धोका दिसला की समिती नेमायची हे तिच्या रक्तात होतं. शुक्रवारी परिपत्रक निघालं: तीन सदस्यांची चव पडताळणी समिती. अध्यक्ष हेडक्लार्क, एक टायपिस्ट आणि दावे विभागाचा एक अधिकारी. हा अधिकारी सवयीनं प्रत्येक पदार्थ पहिल्यांदा फेटाळायचा आणि शेऱ्यात लिहायचा, 'नमुना अपुरा.' मग दुसरा नमुना, मोठ्या वाटीतून. सूपला तिघांच्या सह्या होईपर्यंत त्यावर साय धरायची. जेवणाची सुट्टी एकची दोन झाली. अहवालात 'मीठ नियमानुसार' असं यायचं. चवीबद्दल फॉर्ममध्ये रकाना नव्हता.

समितीला काम फार आवडलं. सुरुवातीला ती साडेबाराला यायची. महिन्याभरात दहालाच येऊन बसू लागली. कस्टर्डचे चार-चार नमुने लागायचे. केक असेल त्या दिवशी उपसमितीही यायची.

मामांचं वजन मात्र उतरू लागलं. साडेतीन किलो गेले. सिस्टर खूश झाली.

"उतरतंय की हो!"

"हो," मामा म्हणाले. "त्याच्याबरोबर मीही उतरतोय."

तेव्हा तिनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. शेगडीपुढे ते परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखे उभे राहत होते. कॅन्टीनमधल्या त्यांच्या हाताखालच्या बाईनं हे तिला फोनवर सांगितलं होतं. घरीही ते गुणगुणत नव्हते, आणि भाजी कशी झालीय विचारलं तर म्हणायचे, "समितीला विचार."

दुसऱ्या दिवशी ती औषधाचा छोटा चमचा घेऊन आली, अडीच मिलीचा. लहान बाळांना ड्युटीवरच्या नर्सेस ज्यानं औषध पाजतात तो.

"एवढ्याशात चव मावते होय?" मामा म्हणाले.

"बघा तरी."

मावली. मामांना स्वतःचंच नवल वाटलं. जिभेला पहिल्या थेंबालाच कळत होतं. बाकीचे साडेसतरा मिली नुसत्या हाताच्या सवयीचे होते. दिवसाला तीस चमचे म्हणजे जेमतेम अर्धा कप. तोही त्यांनी तक्त्यावर लिहायला घेतला, आणि दुपारचा भात तेवढा कमी केला. रस्सा पुन्हा माणसांत आला.

समिती काही बरखास्त होईना. कर्मचाऱ्यांच्या आरोग्यासाठी आपण अत्यावश्यक आहोत, असा ठराव तिनं एकमतानं केला. शेवटी अध्यक्षांच्याच पँटचं बटण बैठकीत उडून सूपच्या पातेल्यात पडलं. ते डॉक्टरांकडे गेले आणि तिसऱ्या दिवशी दबकत भटारखान्यात आले.

"मामा, एक विचारू? खाल्लेलं लिहायला सांगितलंय. समितीच्या कामकाजातलं धरायचं का हो? ते तर ऑफिसचं."

मामांना त्यांची दया आली. आपणही याच थाटात सिस्टरशी भांडलो होतो. "धरा, साहेब," ते हळूच म्हणाले. "सगळं धरा. मी धरत नव्हतो तेव्हा फक्त माझा तक्ता बारीक होत होता."

हेडक्लार्कनी त्या रात्री गेल्या तीन आठवड्यांचे नमुने आठवून बेरीज केली आणि सकाळी प्रकृतीच्या कारणास्तव अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. अध्यक्षाविना समिती भरवता येत नाही, असा नियम निघाला. जेवण पुन्हा एकला सुरू झालं.

सहा महिन्यांनी मामा अठ्ठ्याऐंशी किलोंवर आले. डॉक्टर म्हणाले, दोन किलो राहिले. मामा म्हणाले, राहू द्या, जिना तर चढतोय. त्या रविवारी त्यांनी घरी कस्टर्ड केलं, औषधाच्या चमच्यानं दोनदा चाखून, आणि स्वतःची वाटी काट्यावर ठेवली. नव्वद ग्रॅम. सिस्टरनं पातेलंच पुढे ओढलं.

"तुझं किती लिहू?" मामांनी पेन्सिल उचलत विचारलं.

"तक्ता तुमचा आहे," ती म्हणाली, आणि खाऊ लागली.