कडब्या आणि हायब्रेट्या

जानरावच्या बालपणी गावरान ज्वारी इतकी उंच होई, की पोळ्याला वावरात शिरलेला बैल थेट दिवाळीला बाहेर निघे, आणि तोही लोकांना घरचा पत्ता पुसत. हे खुद्द जानराव सांगे, म्हणजे खरंच असणार. खोटं बोलताना तो डावा कान खाजवतो हे सगळ्या केनवड गावाला ठाऊक होतं, आणि ही गोष्ट सांगताना त्याचे दोन्ही हात विडी पेटवण्यात गुंतलेले असत.

असा माणूस हायब्रेटचा वैरी झाला यात नवल नाही. सरकार तिला संकरित ज्वारी म्हणे, गावं हायब्रेट म्हणत. बुटकी, माणसाच्या छातीला लागेल न लागेल, पण कणीस असं गच्च की मान टाकून उभं. बहात्तरच्या दुष्काळानंतर ती गावोगाव शिरली आणि घराघरात दोन तट पडले. सासूने गावरान थापावी, सुनेने हायब्रेट, आणि नवऱ्याने दोन्ही भाकरींची तारीफ करून उपाशी उठावं. काटकुळं पोर दिसलं की लोक म्हणत, 'हायब्रेट पोट्टं!' ज्वारीची शिवी झाली.

भांडणाचं मैदान होतं हुकूमचंदशेठच्या किराणा दुकानाबाहेरचा फळा. वरच्या अर्ध्यात शेठ धान्याचे भाव लिहीत, खालचा अर्धा रिकामा. एका बाजाराच्या दिवशी कोणीतरी तिथे खडूने लिहिलं, 'हायब्रेट पेरा, पोटभर खा.' पुढच्या बाजारी पहाटे सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या आणि वांगी गाडीत घालून आलेल्या जानरावने ते धोतराच्या सोग्याने पुसलं आणि लिहिलं, 'हायब्रेटचा कडबा म्हैस तोंडात धरत नाही.' आठवड्याने पाहतो तर तेही पुसलेलं. खाली उत्तर, 'म्हशीले इचारलं का, कडब्या?'

झालं! त्या दिवसापासून फळ्यावर एक कडब्या आणि एक हायब्रेट्या नांदू लागले. जानराव दुपारच्या आत भाजी विकून घरी जाई, दुसरा दुपारच्या मालेगावच्या बसने येई. दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि तोंड न पाहता माणसाला जेवढं शूर होता येतं तेवढं तोंडासमोर होता येत नाही.

"शेठ, कोन हाय तो? नाव सांगा," जानराव म्हणे.

"नाव सांगतलं तं एक गिऱ्हाईक तुटते," शेठ गुळाची भेली फोडत म्हणत. "नाई सांगतलं तं दोघंही फळा वाचाले येतात अन् गूळ नेतात."

बघता बघता ज्वारी राहिली बाजूला. एकदा जानरावने लिहिलं, 'हायब्रेट खाणाऱ्याचं पोट्टंही हायब्रेट. बापाच्या कमरेले लागत नाही.' पुढच्या बाजारी उत्तर, 'गावरान खाणाऱ्याची पोरगी ताटाएवढी. हार घालाले नवरदेवाले शिडी लागीन.'

अंधारात दगड मारावा आणि नेमका लागावा तसं झालं. जानरावची वच्छला खरंच ज्वारीच्या ताटासारखी उंच. छपराला टांगलेलं शिंकं ती टाच न उचलता काढी. पाहायला येणारे पावणे मान वर करून पोरगी पाहत आणि मान खाली घालून निघून जात. त्या दिवशी जानराव न विकलेली वांगी घेऊन घरी आला आणि बायकोने, सगुणाने, वाढलेल्या ताटावरून तसाच उठला.

शेठनाही ते आवडलं नाही. त्यांनी ओल्या फडक्याने दोन्ही ओळी पुसल्या आणि फळ्याच्या चौकटीवर कायदा लिहिला. दुसऱ्याचं पुसायचं असेल, तर आधी त्याचंच म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं. असं, की त्यालाच वाटावं हे मीच लिहिलं. त्याने बरोबरची खूण केली तरच पुसायचं आणि मग आपलं लिहायचं.

"हे कायचं नाटक, शेठ?" जानराव कावला. "मी काहून त्याची वकिली करू?"

"नका करू. मंग त्याची ओळ राहीन तशीच. पोळ्यापासून शिमग्यालोक."

ते जानरावला सोसणारं नव्हतं. हायब्रेट्याची नवी ओळ होती, 'दुष्काळात आधी पोराचं ताट पाहा, मंग बैलाची गव्हाण.' जानरावने दात खाऊन लिहिलं, 'हायब्रेटवाला खादाड आहे.' खूण झाली नाही. पुन्हा लिहिलं, खूण नाही. तिसऱ्या बाजारी त्याला बहात्तर साल आठवलं. वच्छलेपुढे ठेवलेली ती पातळ आंबील आठवली. त्याने लिहिलं, 'लेकराची भूक पाहिलेला माणूस आधी दाणाच पेरीन.' पुढच्या खेपेला त्यासमोर ठसठशीत खूण होती. जानराव चारदा वळून ती पाहून आला. घरी सगुणाने विचारलं, "आज वांग्याले भाव लागला का?" तो म्हणाला, "हो," आणि डावा कान खाजवला.

तिकडूनही तसंच येऊ लागलं. 'बैल हा घरातला मुका कर्ता माणूस. तो उपाशी तं ताट रिकामं,' ही जानरावच्या मनातली गोष्ट, पण जानरावलाही कधी इतकी नीट मांडता आली नव्हती. लिहिली हायब्रेट्याने. जानरावने खूण केली, आणि खडू जरा जोरात दाबला.

या सगळ्याचा साक्षीदार होता निजामुद्दीन मणियार. शेठच्या समोरच त्याची बांगड्यांची पेटी मांडलेली असे, सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. कडब्या सकाळी दिसे, हायब्रेट्या दुपारी. दोन्ही घरच्या बायांच्या हातांची मापं त्याला पाठ, आणि दोन्ही घरची दुखणीही.

एक दिवस तो जानरावकडे आला. "भाऊ, मालेगावाकडचे इंद्रभानजी हायेत. पोरगा जगदेव. वावर हाय, इहीर हाय, पोरगा सोन्यासारखा. एकच सांगतो. ते हायब्रेटचे कट्टर. त्याहीच्यापुढं गावरानचं नाव काढू नोका. जमलं तं हायब्रेटचे दोन शब्द चांगले बोला. पोरीसाठी."

जानरावने गावरानचा अभिमान गिळला. "बोलतो, निजामभाई."

तोच निजामुद्दीन दुसऱ्या दिवशी मालेगावाकडे गेला आणि इंद्रभानला म्हणाला, "जानरावभाऊ गावरानचे कट्टर. दोन शब्द चांगले बोला. पोरासाठी."

ठरल्या दिवशी पावणे आले. जानरावच्या घराचं दार इतकं ठेंगणं, की आजवर प्रत्येक बाप्याने तिथे कपाळ फोडून घेतलं होतं. जगदेव ताठ मानेने आत आला. जानरावने ते पाहिलं आणि मनातल्या मनात त्याला वच्छलेशेजारी उभं करून पाहिलं.

पोहे झाले. इंद्रभानने विचारलं, "मंग, यंदा काय पेरलं?"

जानरावचा हात डाव्या कानाकडे गेला. "पेरावं तं हायब्रेटच, पावणे. दाना पाहा दाना!"

"छ्या!" इंद्रभान म्हणाला. "गावरानची सर कुठी तिले? भाकर कशी, कापसावानी."

"भाकर मऊ असून काय करता, टोपल्यात पाह्यजे ना ती!"

"अन् कडबा? बैलाले काय गूळ चारता?"

आवाज चढले. स्वयंपाकघरात सगुणाने कपाळाला हात लावला. गावरानचा कैवारी हायब्रेटसाठी मुठी आपटत होता आणि हायब्रेटचा कैवारी कडब्यासाठी. निजामुद्दीन सुपारी कातरत बसला होता, जणू त्याचा कशाशी संबंध नाही.

"लेकराची भूक पाह्यलेला मानूस आधी दानाच पेरीन!" जानराव ओरडला.

"बैल हा घरातला मुका कर्ता मानूस!" इंद्रभान ओरडला. "तो उपाशी तं..."

आणि दोघंही थांबले. ज्याने ती ओळ लिहिली आणि ज्याने तिला खूण केली, त्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कडब्या?" इंद्रभान म्हणाला.

"अरे बाप्पा! हायब्रेट्या?"

हरवलेला भाऊ सापडावा तसे दोघांचे चेहरे खुलले. पण घटकाभरच. इंद्रभानची नजर जगदेवकडे गेली, जानरावची दाराशी चहा घेऊन उभ्या असलेल्या वच्छलेकडे. शेठच्या ओल्या फडक्याने फळा पुसला गेला होता, मनातून त्या दोन ओळी पुसल्या गेल्या नव्हत्या.

"माह्या पोराले हायब्रेट म्हननारे तुमीच," इंद्रभान हळू म्हणाला आणि त्याने टोपी उचलली.

"अन् शिडी तुमी आनून ठेवली होती," जानराव म्हणाला.

आता हाही पावणा मान खाली घालून जाणार. जानरावला ते दिसत होतं.

"टोपी मंग घाला," निजामुद्दीन अडकित्ता मिटत म्हणाला. "बांगडी चढवताना हात आवळला तं बांगडीही फुटते अन् रगतही निघते. सैल सोडा. पुसाचं असंन तं कायदा काय हाय? आधी त्याचं म्हननं आपल्या तोंडानं सांगा."

जगदेवकडे पाहत जानराव म्हणाला, "पोरगं दिवसभर वावरात राबते. लोक त्याचं काम पाह्यत नाई, माप घेतात. अन् त्यात एक न पाह्यलेला मानूस फळ्यावर लिहिते, भर बाजारात. बापाले वाटत असंन, तो खडू त्याच्या घशात कोंबावा."

इंद्रभानने टोपी मांडीवर ठेवली. मग तो म्हणाला, "पावणे मान वर करून पोरगी पाह्यतात अन् खाली घालून जातात. पोरगी कप इसळते, काहीच झालं नाई अशी. बाप गोठ्यात जाऊन बसते."

"हे तुमाले कोनं सांगतलं?"

"माह्या घरीही हेच होते, भाऊ. फक्त तिथं मान खाली करून पाह्यतात."

मग इंद्रभानने तंबाखूची डबी उघडली, बोटाला चुना घेतला आणि दाराच्या चौकटीवर बरोबरची खूण ओढली. जानरावने त्याच डबीतला चुना घेऊन शेजारी दुसरी ओढली. मऱ्हाटी माणसाला मिठी मारता येत नसेल तर चुना कामी येतो.

"चहा निवून राह्यला," वच्छला वरून म्हणाली.

जगदेवने मान वर करून पाहिलं, आणि मान वरच ठेवली. "मले चालते," तो म्हणाला.

चहाबद्दल की कशाबद्दल, ते कोणी विचारलं नाही. वच्छलेने कप मात्र आधी त्यालाच दिला.

लग्नात वच्छलेने वाकायचं नाही असं जगदेवनेच बजावलं होतं. हार घालायची वेळ आली तेव्हा जानरावने गोठ्यातून गावरान कडब्याची पेंढी आणून नवरदेवाच्या पायाखाली ठेवली. जगदेव तीवर चढला, पेंढी दबली, दुसरी ठेवली. अशा किती पेंढ्या लागल्या ते जानराव सांगतो, पण त्या वेळी त्याचा हात कानाकडे असतो. हार गळ्यात पडला एवढं खरं.

"पाह्यलं, व्याही?" जानराव अक्षता उधळत म्हणाला. "शेवटी कडबाच कामी आला!"

"पंगतीले तं बसा," इंद्रभान म्हणाला. "जवारी म्या धाडली, भाकर हायब्रेटची हाय."

"हाय मऊ," भाकर मोडून जानराव म्हणाला.

इंद्रभानने वाकून त्याच्या डाव्या कानाकडे पाहिलं. जानरावचा एक हात भाकरीत होता, दुसऱ्याने तो आणखी मागत होता.