जागल्याचा पार्ट

माह्या लग्नाले तीस वर्षं झाले, अन् या तीस वर्षांत म्या माह्या नवऱ्याले खुर्चीत पुरं टेकून बसलेलं पाह्यलं नाही. देवानंद त्यायचं नाव. जिल्हा परिषदेत पाणीपुरवठ्याचे उपअभियंता म्हणून मांगच्या जूनमध्ये रिटायर झाले. हाताखाली एवढे माणसं, दारात सरकारी गाडी, पण बसणं पाहा तं असं, का कोणी आता उठ म्हणन अन् यायले उठा लागन. लग्नात जेवाले बसले तं पंगतीच्या कोपऱ्यात. हॉटेलात चहा गार आला तं तसाच पिऊन घेतील. भाजीवाल्यानं सडके टमाटे देल्ले तं घरी घेऊन येतील अन् म्हणतील, "जाऊ दे, धम्मा." हे 'जाऊ दे' ऐकू ऐकू माह्या कानाले घट्टे पडले.

मी धम्मशीला. अंगणवाडीची सुपरवायझर होती. माहं तोंड चालते हे अर्ध्या बुलढाण्याले ठाऊक आहे. यायच्या वाट्याचंही मीच बोलते.

आमची पोरगी समता पुण्याले कंपनीत आहे. तिनं लग्नाच्या वाढदिवसाले आम्हाले एका रात्रीचं हॉटेल बुक करून देल्लं. घाट उतरून मोताळ्याकडं निघालं का सोयाबीनच्या वावरायत नवंच झालेलं, जुन्या गावासारखं बांधलेलं. नाव 'गावकूस'. नाव वाचून मले हासू आलं. म्हटलं, आपले आजे-पणजे गावकुसाच्या बाहेर राहू राहू मेले, आता पोरीनं आतमधी खोली घेतली. हे म्हणले, "जाऊ दे, पोरीनं हौसेनं केलं."

हौस मलेही होती, खोटं काऊन बोलू. म्या मनात धरलं होतं का या एका रात्री हा माणूस हुकूम सोडन अन् दुसरे पळतील. मले सोनं नको होतं, साडी नको होती, एवढंच पायजे होतं. गाडीतच म्या बजावलं, "आज उठून पाण्याचा गिलासही घ्याचा नाही. बोलवाचं, अन् लोकायनं आणून द्याचं."

"बरं," म्हणले.

हॉटेल पाहून मी चाटच पडली. काउंटर म्हंजे लाल एसटीचं तोंड. त्याच्या मांगं कंडक्टरची खाकी घातलेली पोरगी. तिनं आम्हाले तिकीट फाडून देल्लं, त्याले चिमट्यानं भोक पाडलं अन् त्याच्यासंगं चावी देल्ली. बरणीत लिमलेटच्या गोळ्या. सारं जुन्या काळचं अन् सारं खोटं. कंदिलात बल्ब, रांजणात फिल्टरचं पाणी, चुलीच्या खाली गॅस. पण गमतीचं होतं, नाही म्हणत नाही. आमच्या खोलीचं नाव 'पोस्टमास्तरची खोली'. आत एक आरामखुर्ची अन् बोट घालून फिरवाचा काळा फोन.

तो फोन पाहून हे खुलले. म्हणले, "नोकरीले लागलो तवा साहेबाच्या टेबलावर असाच होता. आम्हाले हात लावू देत नव्हते." अन् माह्याकडं पाहून यायनं बोट घातलं, चकती फिरवली, अन् मोठ्यानं बोलले, "हॅलो, पोस्टमास्तर बोलतो. दोन चहा पाठवा. एक बिनसाखरेचा. अन् गरम पायजे, नाहीतर वापस करीन."

मी पाहतच राह्यली. फोन ठेवून हे आरामखुर्चीत बसले, पाठ टेकली, पाय लांब केले. चहा गरम आला. आणणाऱ्या पोरानं सलाम ठोकला. मले इतकं बरं वाटलं का म्या यायचा फोटो काढून समताले पाठवला. तिनं लाल बदाम धाडले.

सांजच्याले अंगणात 'जत्रा' होती. अंगण म्हंजे गावाचा देखावा. एका बाजूले प्लायवूडचा पाटलाचा ओटा, बाजूले शाळा, वाण्याचं दुकान, पोस्ट. मधात काळ्या कपड्यातला जुना कॅमेरा मांडलेला. पाच-सहा जोड्या होत्या. जत्रेच्या आधीच आमची एका जोडप्यासंगं ओळख झाली होती. बाईचं नाव जयमाला, देऊळगाव राजाची. नवऱ्याचं खताचं दुकान. बाई मोठी बोलकी अन् मायाळू होती. आम्हाले आपल्या डब्यातले शंकरपाळे देल्ले, माह्या पिशवीतला चिवडा आवडीनं खाल्ला, यायले 'भाऊसाहेब' म्हणे. हे मुद्दाम सांगते. बाई वाईट नव्हती.

हर्षल नावाचा पोरगा माईक घेऊन उभा होता. त्यानं पितळेचा गडवा फिरवला. चिठ्ठी उचलायची, जो पार्ट निंघन त्याचे कपडे घालायचे, दोन वाक्यं बोलायचे, मंग फोटो. कोणाले मास्तर निंघाला, कोणाले वाणी. जयमालाबाईच्या नवऱ्याले पाटील. त्यायले फेटा बांधला, बाईले नथ देल्ली, अन् दोघं ओट्यावर जाऊन बसले. साऱ्यायनं टाळ्या वाजवल्या.

यायनं चिठ्ठी काढली. हर्षलनं माईकवर वाचली, "जागल्या!"

हे नाव या जिल्ह्यात पिकल्या केसाच्या माणसाले समजून सांगा लागत नाही. जागल्या म्हंजे रातभर गावाची राखण करणारा, मयतीचा सांगावा घेऊन उन्हात पळणारा, मेलेलं ढोर ओढणारा, अन् दिवस बुडला का घरोघर भाकरी मागणारा. अन् तो कोणत्या वस्तीतून येये हेही सांगा लागत नाही. माहे सासरे, सहदेव, तेच होते. माह्या लग्नाच्या आधीच गेले. या घरात त्यायचं काम कोणी तोंडावर आणलं नाही. पोरायले यायनं सांगतलं का आजोबा वावरात मजुरी करत. म्या किती डाव म्हटलं का सांगा, लपवासारखं काय आहे त्यात, लाज त्या गावाले वाटाले पायजे. तं हेच आपलं, जाऊ दे.

हर्षलनं घोंगडी आणली, अन् एक काठी. काठीच्या डोक्याले घुंगरू. हॉटेलचे मालक गोकुळराव बाजूलेच उभे होते, पांढरेशुभ्र कपडे, हातात दोन मोबाइल. ते म्हणले, "काठी जपून हं सर. ओरिजिनल आहे. एका गावातून मुद्दाम शोधून आणली."

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठून म्हटलं, "आम्हाले दुसरी चिठ्ठी द्या."

"काकू, गंमत आहे हो," हर्षल म्हणला. पोरगं पुण्या-मुंबईकडचं असन, त्याले खरंच काही ठाऊक नव्हतं. त्याच्यावर मी चिडू तं कशी चिडू? पण गोकुळरावले ठाऊक होतं. त्यायनं एकदा माह्या गळ्यातलं धम्मचक्राचं पदक पाह्यलं, एकदा यायच्याकडं पाह्यलं, अन् मोबाइलमध्ये मान घातली.

"दुसरी द्या म्हटलं ना," मी म्हटलं.

सारे आमच्याकडं पाहू लागले. तसा यायनं माहा हात दाबला. "बस, धम्मा. लोकं पाहून राह्यले. पोरीनं एवढा खर्च केला, तमाशा नको." अन् घोंगडी खांद्यावर घेतली. माह्यासाठी डोक्यावरची टोपली आणली होती, ते म्या पायानं बाजूले सारली अन् खाली बसली. मले वाटलं, उभे राहतील, काहीतरी पुटपुटतील, फोटो होईन, सुटलं.

तसं झालं नाही. यायनं काठी हातात घेतली, अन् माह्यासमोर हे दुसरेच झाले. बाकीच्यायनं हातातल्या वस्तू मिरवल्या होत्या, हासले होते. यायनं काठी बगलेत घेतली, मान खाली घातली, घोंगडीच्या टोकाची झोळी केली. पाटलाच्या ओट्यापासून चार हात दूर जाऊन उभे राह्यले. काठी दोन डाव जमिनीवर आपटली. घुंगरू वाजले. अन् लांब, वरच्या पट्टीतला एक आवाज निंघाला, जो म्या तीस वर्षांत कधी ऐकला नव्हता.

"वाढा वो मायऽ, जागल्या आला."

अशा टाळ्या पडल्या, का विचारू नका. कोणीतरी शिट्टी मारली. "काय ॲक्टिंग आहे," मांगचा एक जण म्हणला.

ओट्यावर ताटात भाकरी ठेवल्या होत्या, देखाव्यापुरत्या. जयमालाबाई हासत उठल्या, एक भाकर उचलली, अर्धी मोडली, अन् ओट्याच्या काठाशी आल्या. मी पाहून राह्यली होती. त्यायनं हात वर उचलला, चांगला वर, अन् तुकडा वरून सोडला. झोळीले बोटही लागू देल्लं नाही. हर्षलनं हे सांगतलं नव्हतं. कोणीच सांगतलं नव्हतं. बाईच्या हाताले ते आपोआप येत होतं, अन् यायच्या झोळीले झेलता येत होतं. तुकडा झोळीत पडला अन् यायनं मान आणखी खाली घातली.

जयमालाबाई स्वतःच्या हाताकडं पाहत राह्यल्या. त्यायचं हासू गेलं. त्या मांगं जाऊन नवऱ्याजवळ बसल्या. तवढ्यात कॅमेऱ्याचा लाइट चमकला.

मी उठली, यायच्या हातातली काठी घेतली, जमिनीवर टाकली अन् दंडाले धरून यायले तिथून नेलं. लोकायले वाटलं हेही नाटकच आहे. आमच्या मांगं टाळ्या चालूच होत्या, अन् माईकवर हर्षल सांगून राह्यला होता, "आजचा बेस्ट रोल, जागल्या काका."

खोलीत आल्यावर म्या तोंड सोडलं. काय बोलली ते सारं सांगत नाही. "इंजिनिअर झाले, साहेब झाले, तरी मनातून झोळी सुटली नाही तुमची," हेही म्हटलं. हे पलंगाच्या कडेवर बसून ऐकत होते. घोंगडी अजून खांद्यावरच होती.

मंग हळूच म्हणले, "म्या केलं नाही, धम्मा. काठी हातात आली अन् झालं. मी सहा-सात वर्षांचा होतो, बाच्या मांगं झोळी घेऊन मीच जात जाये. बाचा आवाज बसला होता तवा ते ओरडणंही माह्याकडं होतं."

हे मले ठाऊक नव्हतं. बाप मागत होता हे ठाऊक होतं, हे मागत होते हे यायनं मले कधी सांगतलं नव्हतं. तीस वर्षं एका ताटात जेवलो अन् नाही सांगतलं.

"मले वाटे मी इसरलो," म्हणले. "अन् आज लोकायनं टाळ्या वाजवल्या. तवा लोकं म्हणत, आला का रे पुन्हा."

मी काही बोलाच्या आधी माहा मोबाइल वाजला. समता होती. म्या स्पीकर लावला.

"आई, पप्पांचा फोटो बघितला का? हॉटेलवाल्यांनी पेजवर टाकलाय. कसले भारी दिसतायत. मी स्टेटसला ठेवला, माझ्या मैत्रिणी वेड्या झाल्यात. ते घुंगरांचं काय आहे हातात?"

यायनं मले हातानं खूण केली, नको म्हणून. म्या पाह्यली ती खूण. पण माहं डोकं तापलेलं होतं, अन् किती दिवस जाऊ द्याचं?

"ती तुह्या आजोबाची काठी आहे, समता," म्या म्हटलं. "तीच नाही, पण तशीच. गावात भाकरी मागाची काठी. तुहे आजोबा जागल्या होते, मजूर नाही. अन् तुहा बाप लहानपणी झोळी धरून त्यायच्या मांगं फिरे. आज लोकायच्या करमणुकीसाठी तेच करून दाखवलं. एका बाईनं ओट्यावरून भाकर टाकली अन् यायनं झेलली. तेच आहे तुह्या स्टेटसवर."

मले वाटलं, पोरगी रडन. मले वाटलं, म्हणन का त्या हॉटेलवाल्याले मी सोडत नाही. चौदा एप्रिलले निळा फेटा बांधून सगळ्यात पुढं चालणारी पोरगी आहे ते.

"पण मग पप्पांनी घेतलीच का हातात?" समता म्हणली. आवाज थंड होता. "नाही म्हणता येत नव्हतं का? आम्हाला सारखं शिकवलं, कुणापुढे वाकायचं नाही. आणि स्वतः सगळ्यांसमोर... मी तो फोटो चारशे लोकांना दाखवलाय, आई. मला किती लाज वाटतेय."

मी म्हणाले पायजे होतं का लाज तुह्या बापाची नाही. ते माह्या तोंडात होतंच, इतके वर्षं तेच तं मी यायले सांगत आली. पण अर्ध्या घंट्याआधी मीच यायले झोळीवरून बोलली होती, अन् माह्या तोंडाले कुलूप लागलं.

यायनं माह्या हातातून मोबाइल घेतला. दोन्ही हातांत धरला अन् तोंडाजवळ नेला.

"बेटा, मी ऐकून राह्यलो," म्हणले. "चुकलं माहं. माफ कर. तो फोटो काढून टाक."

"ठीक आहे, पप्पा," म्हणून तिनं फोन ठेवला.

बाहेर माईकवर जेवणाची हाक झाली. गोकुळराव आले नाहीत, हर्षल आला नाही, जयमालाबाई आल्या नाहीत. त्या साऱ्या गावात त्या दिवशी माफी मागितली ती एकट्या यायनं, अन् मागाले लावली ती म्या.