एडनाआजींची पंधरा मिनिटं

"यंदा पंधरा मिनिटं मागतायत म्हणे. एक कडवं धड पार पडत नाही, आणि पंधरा मिनिटं!"

लिफ्टमध्ये माझ्या कानामागे आमच्या मराठी मंडळाचा निशिकांत बायकोशी पुटपुटत होता. मी मान वळवली, तसा त्याचा आवाज गोड झाला. "उल्काताई, तुम्हीच सांगा ना त्यांना, यंदा नको म्हणून. शेजार तुमचा."

सिंगापूरच्या चोआ चू कांग भागात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये एडनाआजी राहायच्या. तेव्हा, २०१३ साली, वय अठ्ठ्याऐंशी. बाराव्या वर्षी त्या इंग्लंडातल्या म्युझिक हॉलमध्ये पुरुषाच्या वेषात गायला उभ्या राहिल्या. कोट, उंच टोपी, हातात काठी. लोक बिअर पीत ऐकायचे, नाही आवडलं तर ओरडून खाली उतरवायचे. पुढे सिनेमानं ते हॉल ओस पाडले. मग फौजींची करमणूक करणाऱ्या एका कंपनीबरोबर त्या सिंगापूरला आल्या आणि बंदरातल्या चिनी कारकुनाशी लग्न करून इथल्याच झाल्या.

आदल्या वर्षीच्या गणपतीत मीच हौसेनं त्यांना मंडळाच्या स्टेजवर नेलं. दुसऱ्या कडव्याला त्या अडकल्या. हॉल अवघडला. तेवढ्यात मागून कुणीतरी 'वन्समोअर' दिला आणि सगळ्यांनी तो उचलून धरला. पाहुणीची लाज राखायची आपली रीत. ती आजींना कशी कळावी? त्यांच्या धंद्यात इतकी दाद म्हणजे पुढचं बोलावणं पक्कं. वर्षभर त्या तालीम करत होत्या.

मी गेले तेव्हा कोट चढवून येरझाऱ्या चालल्या होत्या. पंखा लावायच्या, बंद करायच्या. दुसऱ्या कडव्याशी थांबल्या, दोष पंख्याला. पुन्हा थांबल्या, दोष खालून जाणाऱ्या बसला. मलाही बसवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी म्हटलं, यंदा कार्यक्रम फार आहेत, माइक बरा नाही. त्यांचं म्हणणं, माइक लागतो कुणाला? पंधरा नको, दहा द्या. बरं, पाच. लोक उठून जात असतानासुद्धा गायलेय मी.

आणि पुन्हा सुरुवात. त्याच ओळीशी आल्या, काठीनं ताल धरून उभ्या राहिल्या. ठक, ठक, ठक. ओळ येईना. थांबताही येईना. मी पुढे होऊन काठी धरली.

"आजी, तुम्हाला शब्द आठवत नाहीत. गेल्या वर्षीही आठवले नव्हते."