माणूस घरात, कडी बाहेरून

केसरबाईनं जे केलं ते मला मुळीच पटलेलं नाही, आणि तिच्या तोंडावर सांगायला मी भीत नाही. इतकी वर्षं दारावर काढली, पण घरात माणूस असताना बाहेरून मला कोयंड्यात अडकवायची हिंमत कोणी केली नव्हती. तिनं केली. आणि कोंडलं कोणाला? स्वतःच्या नवऱ्याला.

मित्रांनो, मी दाराची कडी आहे. जुनी, लोखंडाची, साखळीची. दोन उन्हाळ्यांत सैल पडणाऱ्या चकचकीत बोल्टांत मला मोजू नका. वरवट बकालच्या लोहारानं मला बैलगाडीच्या धावेतून घडवलं. लाकडी चाकावर जी लोखंडी पट्टी चढवतात, ती धाव. गाडी केसरबाईच्या बापाची होती. लेकीनं मलकापुरात, रेल्वे लाइनजवळच्या वस्तीत दोन खोल्या बांधल्या, तेव्हा बापानं मला फडक्यात गुंडाळून आणून दिलं. म्हणजे आम्ही दोघी एकाच माहेरच्या. तिच्यावर डाफरायचा हक्क मला तिथून मिळाला. शाळा तिनं दुसरीत सोडली आणि मी तर पाहिलीच नाही, पण दारावर बसून माणसं ओळखता येतात.

आमच्या वस्तीत कडीचा एक कायदा आहे. तो कोणी लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. कडी लोंबत असली की घरात माणूस आहे, हाक मारा, आत या, पाणी मागा. कडी बाहेरून घातलेली असली की घरी कोणी नाही, मुकाट परत फिरा. या कायद्यापायीच पुढचं सगळं घडलं.

केसरबाईचा नवरा सहदेव रेल्वेत चावीवाला होता. रुळाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या रोज हातोडीनं ठोकत जायचं, सैल झालेली घट्ट करायची, हे त्याचं काम. आवाजावरून त्याला चावी कळायची. सकाळी चहा पिऊन बाहेर पडताना तो माझ्यावरही बोटाच्या पेरानं दोन ठोके मारायचा आणि म्हणायचा, "टाईट आहे." आयुष्यात मला मिळालेली शाबासकी ती एवढीच. पण रोज मिळायची, आणि माझा दिवस चांगला जायचा.

तो रिटायर झाला तरी ठोके चालू होते. मग कधीतरी एकच ठोका पडू लागला. मग तो माझ्याकडे नुसता पाहत उभा राहू लागला, जणू मला पूर्वी कुठे तरी पाहिलं असावं. चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा. केसरबाईला तो "बाई" म्हणू लागला. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. हळूहळू वाढत जातो म्हणाले, आणि माणसाला एकटं सोडू नका म्हणाले. केसरबाईनं तो कागद घडी करून पेटीत ठेवला आणि वस्तीत सांगितलं, "बीपी आहे त्याईले." पुण्याला कंपनीत असलेल्या लेकालाही, अश्वजितलाही, तेवढंच सांगितलं. लई ताठ बाई. ज्या माणसाला रुळावर काम करणारी सगळी गँग मानायची, त्याला कोणी वेडा म्हणावं हे तिला सोसणार नव्हतं.

पण त्याचे पाय काही विसरले नव्हते. दिवस उगवला की तो ड्युटीवर निघायचा. एकदा गँगच्या माणसांनी त्याला दोन स्टेशनं पलीकडून आणून सोडलं. दुसऱ्यांदा तो रुळांच्या मधोमध वाकून चाव्या पाहत होता आणि मागून मालगाडी शिट्टी देत होती. केसरबाईनं त्याला ओढून काढलं. दोघंही रुळाकडेच्या गिट्टीवर पडले. घरी येऊन ती उंबऱ्यावर बसली.

दुसऱ्या दिवशी कापूस वेचायला जाताना तिनं मला बाहेरून अडकवलं.

मित्रांनो, ते दिवस मी कसे काढले ते मलाच ठाऊक. आतून तो दार ओढायचा आणि मला त्याला अडवावं लागायचं. ज्यानं मला घट्ट म्हणून मान दिला, त्याच्यावरच मी घट्ट बसले होते. शेजारची विमलबाई जाता-येता विचारायची, "काऊन वं केसर, भाऊ कुठी असतात आताशा? दिसून नाई राह्यले."

"पोराकडे गेले पुण्याले," केसरबाई म्हणायची आणि माझ्याकडे पाहायचीसुद्धा नाही.

त्याला सगळी नावं सोडून गेली होती, एक सोडून. नारायणराव. दोघं एकाच गँगमध्ये होते. नारायणराव आता लेकीकडे दूर राहायचे. सहदेव रोज विचारायचा, "नारायण आला का? त्याच्याकडं माही लाल झेंडी आहे."

आणि एका दुपारी नारायणराव खरंच आले. काठी टेकत, हातात केळ्यांची पिशवी. ओट्यावर चढले, मला कोयंड्यात पाहिलं आणि थबकले. कायदा त्यांनाही माहीत होता. तरी थकलेले म्हणून घडीभर ओट्यावर टेकले. आत सहदेव होता. काही तरी चाहूल लागली असावी, तो पेरानं दार ठोकू लागला. दोन-दोन ठोके, रुळावर ठोकायचा तसे. पण गाड्यांच्या धडधडीत नारायणरावांचे कान कधीच गेलेले. मी ओरडले असते. पण अडकवलेली कडी वाजत नाही, मित्रांनो. वाजायला सैल असावं लागतं.

ते उठले. पिशवी विमलबाईकडे दिली आणि परतीच्या पॅसेंजरला निघून गेले. आतले ठोके बराच वेळ चालू होते.

संध्याकाळी विमलबाई केळी घेऊन आली. "नारायणराव म्हणून कोणी आलते. म्हणे, आता काही येणं होईन असं वाटत नाई. म्या सांगतलं, भाऊ तं पुण्याले आहेत."

केसरबाईनं दार उघडलं. सहदेव दारामागेच बसला होता, उजव्या हाताची पेरं सोलून निघालेली. विमलबाईनं ते पाहिलं. केसरबाईनं खोटं काही बोलायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. मग ती पहिल्यांदा दुसऱ्या माणसासमोर रडली. तिचं कपाळ माझ्यावर टेकलेलं होतं. लोखंडाला गरम-थंड कळतं. फार गरम होतं ते.

"मले सांगाचं होतं ना वं," विमलबाई म्हणाली. "मी का परकी होती?"

दुसऱ्या सकाळी केसरबाईनं मला बाहेरून उपसून काढलं, दाराच्या आतल्या बाजूला धरलं आणि त्याच्या हातात त्याचीच जुनी हातोडी दिली. त्यानं खिळे ठोकले. एकही वाकला नाही. मग पट्टी बांधलेल्या हातानं माझ्यावर दोन ठोके मारून म्हणाला, "टाईट आहे."

आता मी आतून लागते. तो मला काढून बाहेर निघाला की मी खणखणते आणि केसरबाई चुलीपासून धावत येते. परवा तर एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात त्याची. तो म्हणाला, "बाई, तुमी कोण?"

"नवीन भरती आहे. तुमच्याच गँगात."

"मंग मागं राहाचं. अन् बोलाचं कमी."

"ते नाई जमनार," ती म्हणाली.

ती त्याला लाइनकडे जाऊ देत नाही, शेतरस्त्यानं वळवते. तो विजेच्या खांबांवर काठी ठोकत जातो, ती पाण्याची बाटली घेऊन मागं. घर उघडं पडतं आणि मी एकटी वाट पाहते. नारायणराव पुन्हा आले नाहीत. नवरा केसरबाईला अजून ओळखत नाही, आणि ओळखणारही नाही. काल परत आल्यावर ती पाय धरून माझ्याखाली बसली. विमलबाईनं बाहेरून विचारलं, "उद्या मी जाऊ का भाऊसंगं?" आणि ही म्हणाली, "नको, माही मी पाहतो."

तेव्हा मात्र मला राहवलं नाही. वारा आला होता, मी चांगली खणखणून बोलले:

"केसरबाई, माणूस कोंडला ते तुही चूक होती, अन् ती मी तुले इसरू देनार नाई. पन तू त्याच्या मागं चालतं ते बी मी पाहून राह्यली. त्याच्यासाठी दार उघडलं ना? मंग स्वतःसाठी काऊन लावून बसतं? पायाले गोळे आले तुह्या. ऊठ, अन् इमलबाईले हाव म्हन."