सरळ रेघेची परीक्षा

गल्लीत सगळे तिला पेंटरीण म्हणत. तिने जन्मात कुंचला धरला नव्हता, पण नवरा दुकानांच्या पाट्या रंगवायचा, तेवढ्यावर पदवी मिळाली होती. नवरा पट्टी न लावता अशी सरळ रेघ ओढायचा की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावं.

तो प्यायचाही. पण दारुडा म्हणजे गटारात लोळतो, बायकोला मारतो, कामधंदा सोडतो. आपला माणूस तर रोज आंघोळ करून कामावर जातो, असं सगळं घर म्हणायचं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते काही उगीच नाही.

तिला मात्र दिसत होतं. पूर्वी तो आला की स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसायचा आणि दिवसभरातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करायचा. हसून हसून तिची पोळी करपायची, मग ती चिडायची, मग तो तिचीच नक्कल करायचा. आता तो यायचा, जेवायचा, भिंतीकडे बघत बसायचा. शेजारी बसलेल्या माणसाची आठवण येते, हे कोणाला सांगायचं? तिने शेवटी थोरल्या जावेला सांगितलं.

जाऊबाईंच्या अंगात मूळचाच न्यायाधीश. त्या म्हणाल्या, "वासावरून कळायचं नाही गं, टर्पेंटाइनपुढे दारूचा वास कुठला लागायला! आला की दारामागे खडूने रेघ ओढायला लाव. प्यायलेल्याचा हात थरथरतो. सरळ आली तर घरात, वाकडी आली तर जा म्हणावं आपल्या पाट्यांच्या दुकानात झोपायला. आणि पाझर फुटू द्यायचा नाही. मनात आणलं तर सोडता येते, ही सगळी थेरं आहेत."

पहिल्या दिवशी तो हसला आणि रेघ ओढली. सुतासारखी सरळ. दुसऱ्या दिवशीही तशीच. मग रोजच. पेंटरीण हरखली. ओल्या फडक्याने रेघ पुसताना तिला वाटायचं, सुटली बाई एकदाची. गप्पा मात्र काही परत आल्या नव्हत्या. तो उंबरा ओलांडून सरळ भिंतीपाशी जाऊन बसायचा. येतील, धीर धर, असं ती मनाला समजवायची.

एका संध्याकाळी तो उजेडातच आला. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम. पण त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं, किती महिन्यांनी.

"आज तुला एक सांगायचंय," तो म्हणाला.

"आधी रेघ."

त्याने खडू घेतला. हात लटलटत होता. शाईत पडलेली मुंगी चालत जावी तशी रेघ उमटली.

"अगं, ऐक तर. कालपासून मी..."

"एक शब्द बोलू नका. दिसतंय मला." तिने दार लावून घेतलं. जिन्यावरून उतरणाऱ्या चपलांचा आवाज थांबेपर्यंत ती दाराला पाठ टेकून उभी होती. पाझर फुटू दिला नाही म्हणून तिला थोडा अभिमानही वाटत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा भागीदार धावत आला. सगळे त्याला लांब्या म्हणत. "वहिनी, चला. पाटी रंगवता रंगवता पडला. झटके आले. दवाखान्यात नेलंय."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं कधी प्यायले?

"काल संध्याकाळी," पेंटरीण ठामपणे म्हणाली. "मी स्वतः बघितलं. हात थरथरत होता."

"नाही हो वहिनी," लांब्या मध्येच म्हणाला. "परवा संध्याकाळपासून शिवला नाहीये. मीच म्हणत होतो, घोटभर घे, काम अडलंय."

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ आल्या. "बाई, रोज पिणाऱ्याच्या शरीराला दारूची गरज पडायला लागते. मिळाली नाही की हात थरथरतो, मिळाली की स्थिर होतो. एकदम सोडली तर असे झटके येतात, जीवही जाऊ शकतो. मनाच्या जोरावर घरी सोडवायची गोष्ट नाही ही, आजार आहे. इथे औषधं देऊन सोडवू."

पेंटरीण एकेक रेघ आठवू लागली. म्हणजे त्या सगळ्या सरळ रेघा... कोपऱ्यावर ढोसून यायचा आणि ती हौसेने दार उघडायची. आणि ज्याची ती इतके दिवस वाट बघत होती तो काल खरंच आला होता. तिनेच त्याला दारातून परत पाठवलं.

संध्याकाळी तो शुद्धीवर आला. ती खाटेशी उभी होती.

"काल सांगायचं होतं ते काय?" तिने विचारलं.

"तेच. की आज घेतली नाही."

"मग ओरडून सांगायचंत. दार बडवायचंत!"

"म्हटलं, तुला कळेल."

तिच्या डोळ्यांना धार लागली. तिने पदराने पुसलं नाही, तशीच बघत राहिली त्याच्याकडे. तो म्हणाला, "घरी कधी जायचं?"

"इतक्यात नाही म्हणतात. आणि नंतरही इथे येत राहावं लागेल. परत घ्यावीशी वाटेल म्हणतात, तेव्हा लपवायचं नाही."

"मग तू?"

"मी काय, वाट बघेन. मला सवय आहे," ती म्हणाली. "तुम्ही तेवढे या."